रत्नागिरीत दोन दिवस: थिबाचा राजवाडा, त्याची समाधी आणि सड्यावरची चित्रं पाहुण्यांना कशी दाखवायची

रत्नागिरीला पाहुणे आले की आपलं ठरलेलं असतं, गणपतीपुळे, आरे-वारे, संध्याकाळी मांडवीला भेळ आणि दुसऱ्या दिवशी आंबापोळी-फणसपोळी बांधून द्यायची नि स्टेशनवर सोडून यायचं. ते करा की, कोण नको म्हणतंय. पण दोन दिवस मोकळे असतील आणि मंडळींना जुन्या गोष्टींची थोडी आवड असेल तर ह्याच गावात दुसरी एक ट्रिप होते, ज्यात एका अख्ख्या देशाचा, ब्रह्मदेशाचा, शेवटचा राजा थिबा येतो, हजारो वर्षांपूर्वी कातळ कोरून गेलेली माणसं येतात, आणि बीचला अर्धा तास मिळाला तर मिळाला. मी पाहुण्यांना, मित्रांच्या मित्रांना, कधी शाळेच्या पोरांना असं फिरवत असतो, त्यातून जे जमलंय ते लिहितोय. तुम्ही स्वतःच गाइड होणार आहात आणि सोबत सात-आठ माणसं, त्यात एखादी मावशी आणि दोन-तीन पोरं आहेत असं धरून चाललोय.

पहिलं म्हणजे ठिकाणं कमी ठेवा. दोन दिवसांत चार, फार तर पाच. जंजिरा पण करू, पन्हाळेकाजीची लेणी पण करू म्हणणाऱ्याला नकाशा काढून दाखवा, तो आपोआप गप्प होतो. दोन्ही ठिकाणं भारी आहेत पण ती उत्तरेला, त्यांची वेगळी ट्रिप.

सीझन दिवाळी ते फेब्रुवारी. पावसात सडा (जांभ्याच्या कातळाचं उघडं माळरान) हिरवागार आणि फुलांनी भरलेला दिसतो, फोटो झकास येतात, पण कोरलेल्या रेषांत पाणी नि गवत, चित्र काही दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये कातळ असा तापतो की चपलेतून चटका बसतो, आणि आंब्याच्या दिवसांत गावातली माणसं बागेत अडकलेली, तुमच्याबरोबर सड्यावर यायला कुणाला वेळ नसतो. गणपतीत ट्रेनचं तिकीट मिळालं तर आधी लॉटरीचं पण घ्या.

मुंबईहून पहाटेची जनशताब्दी पकडली की जेवायच्या आधी रत्नागिरी. स्टेशन गावाबाहेर आहे हे सांगून ठेवा, नाहीतर पाहुणे उतरल्या उतरल्या समुद्र शोधत बसतात. सामान टाकून, मासे-भात-सोलकढी करून दोनच्या सुमाराला बाहेर पडा. सोमवार टाळा, सरकारी म्युझियमं बहुतेक सोमवारी बंद असतात, आणि निघायच्या आधी एक फोन करून चौकशी केलेली बरी.

बरेच जण म्हणतात कातळशिल्पं सगळ्यात जुनी, मग सुरुवात तिथून करू. मी उलटं करतो. थिबाची गोष्ट शंभर-सव्वाशे वर्षांची आहे, तिला नावं आहेत, तारखा आहेत, माणसं आहेत, ती पोरांना पटकन लागते. सड्यावर नाव नाही, तारीख नाही, भाषा नाही, नुसती रेघ आहे. आधी गोष्ट ऐकायची सवय लागली की मग त्या रेघेसमोर माणूस जरा थांबतो, नाहीतर "हं, हत्ती, झालं का?" म्हणून परत गाडीत.

राजवाड्याकडे जाताना गाडी टिळक आळीवरून घ्या. लोकमान्यांचं जन्मघर आहे, 1856 चा जन्म. आत दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पण तिथे एक गोष्ट पेरून ठेवायची: 1908 साली टिळकांना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि इंग्रजांनी त्यांना नेलं कुठे, तर ब्रह्मदेशात मंडालेला. एवढं सांगून थांबा. मंडाले काय आहे ते आत्ताच सांगू नका, राजवाड्यात गेल्यावर कुणीतरी स्वतःहून जोडतं आणि ते जोडलेलं जास्त लक्षात राहतं.

आता थिबा. राजवाड्यात शिरल्या शिरल्या बोलायला सुरुवात करू नका, आत आवाज घुमतो, दुसरी माणसं असतात, पोरं पळत सुटतात. बाहेर आवारात झाडाखाली सगळ्यांना बसवा आणि सुरुवात मुंबईपासून करा, कारण ही गोष्ट खरंच मुंबईपासून सुरू होते. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची मुंबईची कंपनी, ब्रह्मदेशातल्या जंगलातून साग काढायची. थिबाची राजधानी मंडाले, तिथल्या दरबाराने तिच्यावर ठपका ठेवला की ठरल्यापेक्षा जास्त लाकूड नेलं आणि पैसे बुडवले, आणि तेवीस लाखांच्या आसपास दंड ठोकला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं, फ्रेंच तिकडे हातपाय पसरत होते ती भीती वेगळीच. नोव्हेंबर 1885 मध्ये फौज इरावतीतून बोटींनी वर गेली, पंधरवड्यात सगळं आटपलं, महिनाअखेर राजा शरण. 1 जानेवारी 1886 ला ब्रह्मदेश इंग्रजांच्या राज्याला जोडल्याचं जाहीर झालं. राजा-राणीला मंडालेतून बैलगाडीत बसवून नदीपर्यंत नेलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांचीच प्रजा उभी. राजाचं वय तेव्हा सव्वीस.

आधी मद्रास, मग एप्रिल 1886 मध्ये रत्नागिरी. पोरं विचारतातच की रत्नागिरीच का. तर तेव्हाची रत्नागिरी डोळ्यासमोर आणायला सांगा, रेल्वे नाही (ती यायला 1990 चं दशक संपत आलं), घाटातून बैलगाडीचा रस्ता, बाकी सगळं बोटीवर, आणि पावसाळ्याचे चार महिने बोटी पण बंद. राजाला ठेवायला ह्याहून सोयीची जागा कुठली? कोकणात जन्मलेल्या माणसाला हे ऐकून जरा हसू येतं आणि जरा लागतं पण.

एक काळजी घ्या, थिबाला बिचारा करून टाकू नका. 1878 मध्ये तो गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी राजघराण्यातल्या ऐंशीएक माणसांची कत्तल झाली, भाऊबंद, बायका, पोरं, कारण उद्या कुणी गादीवर हक्क सांगायला नको. ह्यात राणी सुपयालत आणि तिच्या आईचा हात होता असं सांगतात. हे मोठ्यांना नीट सांगा, लहानांना बेताने, पण गाळू नका. मी एकदा शाळेच्या ग्रुपला हे सांगितल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "मग इंग्रजांनी बरोबर केलं का?" आणि पुढचा अर्धा तास पोरंच भांडत होती, मला काही बोलावंच लागलं नाही. हाच प्रश्न तुमच्या ग्रुपमध्ये आला की उत्तर द्यायची घाई करू नका. एवढंच सांगा की फौज आली ती त्या कत्तलीनंतर सहा वर्षांनी, आणि आली सागवानाच्या भांडणावरून.

आता आत जा. लाल रंगाची तीन मजली इमारत, उतरत्या छपराची, अर्धगोल खिडक्यांची कोरीव लाकडी कामं बघण्यासारखी आहेत, दालनाची संगमरवरी फरशी पण. पण मुख्य बघायची ती रिकामी जागा. हा वाडा बांधून झाला 1910 मध्ये. म्हणजे आल्यापासून चोवीस वर्षं राजा इंग्रजांनी दिलेल्या बंगल्यांत राहिला आणि वाड्यात मिळाली जेमतेम सहा वर्षं. लोक "राजवाडा" म्हणून आत शिरतात नि सिंहासन शोधतात, ते नाही. ठरलेल्या पेन्शनमध्ये राजाचं भागायचं नाही, जवळची माणकं विकत गेला, कर्ज झालं. त्यातलं सगळ्यात मोठं माणिक, न्गा माउक नावाचं, मंडालेच्या पाडावाच्या वेळी कर्नल स्लेडन नावाच्या अधिकाऱ्याने सांभाळायला म्हणून घेतलं आणि परत दिलं नाही असं राजाचं म्हणणं. रत्नागिरीतून तो त्यासाठी लिहीत राहिला, माणिक काही मिळालं नाही. एवढं ऐकून वरच्या मजल्यावरच्या खिडकीशी जा आणि खाली खाडीकडे बघा. बाहेर जायचं तर परवानगी, भेटायला कुणी यायचं तर परवानगी, आणि समोर दिवसभर समुद्राकडे जाणाऱ्या होड्या. इथे मी काही बोलत नाही, फोटो काढणाऱ्यांना काढू देतो.

मागच्या बाजूला बुद्धमूर्ती आहे, ती चुकवू नका.

मुलींची गोष्ट राजवाड्यातून निघताना सांगा. चार राजकन्या, सगळ्यांचं लहानपण रत्नागिरीत गेलं. बरोबरीचं स्थळ ब्रह्मदेशात, आणि तिकडचं दार बंद, म्हणून लग्नं रखडली. थोरलीचं मन वाड्यावर नोकरीला असलेल्या गोपाळ सावंत ह्यांच्यावर बसलं, 1906 मध्ये तिला मुलगी झाली, टुटू. ती पुढे इथेच वाढली, इथेच संसार केला, मराठी बोलत म्हातारी झाली. आणि आता एक हात जोडून विनंती, "राजाचे वंशज कुठे राहतात ते दाखव ना" असं पाहुणे हमखास म्हणतात, त्यांना नाही म्हणा. ती कामधंदा करणारी साधी घरं आहेत, त्यांच्या दारात गाडी उभी करून मोबाइल वर धरायचा हा कुठला अभ्यास. सांगायला गोष्ट पुरेशी आहे.

मग समाधी. नव्वद टक्के लोक राजवाडा बघतात, थिबा पॉइंटला सूर्यास्त बघतात आणि समाधीला जातच नाहीत, मला विचाराल तर वेळ कमी असेल तेव्हा पॉइंट सोडा पण समाधी सोडू नका. शिवाजीनगर भागात आहे, घरांच्या मध्ये, रिक्षावाल्याला सांगितलंत की नेतो. डिसेंबर 1916 मध्ये थिबा गेला, सत्तावन्न वर्षांचा होऊन. राणीने हट्ट धरला की मंडालेला नेऊनच अंत्यविधी करायचा, सरकार नाही म्हणालं, आणि ती शवपेटी दोन वर्षांवर तशीच राहिली, 1919 च्या मार्चमध्ये शेवटी इथे ठेवली. बरोबर धाकट्या राणीची पण, ती 1912 ला गेलेली, सुपयालतचीच सख्खी बहीण. सुपयालतला त्याच वर्षी ब्रह्मदेशात जाऊ दिलं पण रंगूनला, मंडालेला नाही, 1925 मध्ये ती तिथेच वारली.

आणि इथे रंगूनचं नाव आलं की दुसरं टोक सांगायचं. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर, सत्तावन्नच्या उठावानंतर त्याला इंग्रजांनी पाठवलं रंगूनला, 1862 मध्ये तो तिथेच वारला, त्याची कबर तिथे. त्यांचा राजा आपल्याकडे, आपला बादशहा त्यांच्याकडे, आपले टिळक त्यांच्या राजधानीतल्या तुरुंगात, आणि 1908 ते 1914 ह्या काळात टिळकांचं गाव थिबाचा कैदखाना नि थिबाचं गाव टिळकांचा. दुपारी टिळक आळीत पेरलेलं इथे उगवतं. 2012 च्या डिसेंबरमध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन ह्या समाधीवर येऊन गेले, आजूबाजूची मोठी माणसं अजून सांगतात तो बंदोबस्त. समाधीपाशी चपला बाहेर, आवाज बेताचा, शेजारी लोकांची घरं आहेत हे विसरायचं नाही.

वेळ उरला तर पतितपावन मंदिर, 1931 मध्ये भागोजीशेठ कीरांनी बांधून दिलं, सगळ्या जातींना खुलं, सावरकर 1924 ते 1937 इथे स्थानबद्ध होते त्या काळातलं. मी ते बहुतेक गाडीतूनच दाखवतो, एका संध्याकाळी एवढं पचत नाही.

दुसरा दिवस सड्याचा, आणि त्यात सगळं काही उन्हावर आहे. कातळशिल्प म्हणजे जांभ्याच्या सपाट कातळात कोरलेली रेघ, बोटाच्या पेरा-दोन पेराएवढी खोल, उन्हापावसाने कडा झिजलेल्या. ऊन डोक्यावर आलं की ती रेघ नाहीशी होते, समोर उभं राहून दिसत नाही. ऊन तिरपं असलं की रेघेच्या एका कडेची सावली दुसऱ्या कडेवर पडते आणि चित्र उठून येतं. म्हणून पहाटे अंधारात चहा घेऊन निघा, मावशी कुरकुरल्या तरी. भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, मुचकुंदीची खाडी ओलांडून गावखडी आणि मग कशेळी, रमतगमत तास-सव्वातास. पूर्णगडाचा किल्ला छोटासा आहे, जाताना थांबू नका, ऊन निघून जातं.

कशेळीचा हत्ती जवळजवळ 18 मीटर लांब आणि 13 मीटर उंच, आणि त्याच्या पोटात, पायात, सगळीकडे मासे, पक्षी, जनावरं अशी सत्तरच्या वर चित्रं. जमिनीवरून एका नजरेत हत्ती दिसतच नाही, आणि तेच मला आवडतं. पोरांना सोंडेपासून सुरुवात करून रेघेच्या बाहेरून चालत फिरवा, रेघेवर पाय न देता, शेपटीपर्यंत. फेरी पूर्ण झाली की हत्ती डोक्यात तयार होतो. मग आतली एक-एक आकृती त्यांना ओळखू द्या. सांगायच्या आधी विचारा.

वय किती हा प्रश्न येणारच. कातळावरच्या रेघेचं वय थेट मोजायला अवघड, त्यात जळलेलं लाकूड नाही की हाड नाही. मग अंदाज कशावरून, तर चित्रात काय आहे त्यावरून. गेंडा आहे, पाणघोडा आहे, जे आज कोकणात स्वप्नात पण येत नाहीत, आणि शेतीची चिन्हं दिसत नाहीत, म्हणजे शिकार करून जगणाऱ्यांचं काम, दहा-बारा हजार वर्षांमागचं असावं असं अभ्यासक मानतात. "असावं" हा शब्द ठेवा. गावातले जुने लोक सांगायचे, "पांडवांनी एका रात्रीत केलानी," आणि ते पण सांगा, हसण्यासाठी नाही, त्या श्रद्धेमुळेच कित्येक ठिकाणी कातळ फोडला गेला नाही. रत्नागिरीच्याच सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई ह्या मंडळींनी गावोगाव हिंडून, गुराख्यांना विचारून ह्या गोष्टी नोंदवल्या, आणि 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली, त्यात रत्नागिरी जिल्ह्यातलीच सात.

सड्यावरची शिस्त निघायच्या आदल्या रात्रीच सांगा. खडूने रेघा भरायच्या नाहीत, फोटोसाठी सुद्धा नाही. पाणी ओतायचं नाही, चित्रात उभं राहायचं नाही, ड्रोन विचारल्याशिवाय नाही. बंद बूट घाला, दगड उचलून बघू नका, आमच्याकडे फुरसं (विषारी साप) असतं आणि ते मातीच्याच रंगाचं. सावली नावाला नाही, टॉयलेट नाही, प्रत्येकी दोन लिटर पाणी. आणि गावातलं एक माणूस सोबत घ्या, पैसे आधी बोलून घ्या, संकोच करू नका, त्याचा रोज बुडतो. तो नसेल तर तुम्ही चित्रापासून वीस पावलांवरून निघून जाल.

नऊ-साडेनऊला ऊन चढलं की कनकादित्याचं देऊळ, तिथे थंड वाटतं आणि सगळे जरा बसतात. सूर्याची देवळं आपल्याकडे कमीच. मग आडिवऱ्याला महाकाली, तिथेच आसपास आधी सांगून ठेवलेल्या घरी जेवण, घावणे, उसळ, भात-आमटी जे असेल ते. दुपारी झोपा. खरंच झोपा, एक ते साडेतीन सड्यावर काही बघण्यासारखं नसतं.

साडेतीनला राजापूरकडे. देवाचे गोठणे घेतलंत तर तिथे फोनचा कंपास उघडायला सांगा, चित्रापाशी सुई भरकटते, पोरांना तेवढ्यासाठी पण चालत जायला हरकत नसते. मावशींना चालणं जमत नसेल तर हे सोडा आणि थेट बारसू. (अगदीच चालता येत नसेल तर पहिल्या दिवशी उक्षीला जाऊन या, रत्नागिरीहून जवळ, गाववाल्यांनी हत्तीभोवती बांधून काढलंय, गाडीतून उतरलं की समोरच.)

बारसूला दोन वाघांच्या मधे उभा माणूस आहे, प्रचंड. सिंधू संस्कृतीच्या मुद्रेवर पण असाच माणूस नि दोन वाघ आहेत, अभ्यासक ते शेजारी ठेवून बघतात. संध्याकाळचं ऊन त्याच्यावर छान पडतं. पण बारसूचं नाव पाहुण्यांनी ऐकलेलं असतं ते ह्यासाठी नाही, ते तिथल्या तेल-रिफायनरीच्या प्रस्तावासाठी. 2023 च्या एप्रिलमध्ये त्यासाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा बायाबापड्या भर उन्हात ह्याच सड्यावर आडव्या पडल्या होत्या, पोलिस आले, धरपकड झाली. ते टाळून बारसू दाखवता येत नाही आणि दाखवू पण नये. फक्त एक लक्षात ठेवा, गावात दोन्ही बाजूची माणसं आहेत, एकाच घरात सुद्धा, आणि तुमच्याबरोबर आलेल्या वाटाड्याला उद्या तिथेच राहायचंय. त्याला "तू कुणाच्या बाजूचा" असं ग्रुपसमोर विचारू नका, विचारू देऊ नका. तो स्वतःहून बोलला तर ऐका, मधे आपलं मत घुसवू नका. मुंबईच्या माणसाला सड्यावर उभं राहून विकासावर भाषण करायची फार हौस असते, अशा वेळी मी पाण्याची बाटली पुढे करतो.

अंधार पडायच्या आत सडा सोडा, वाट सापडत नाही आणि फुरसं रात्री फिरतं. परत रत्नागिरीला हायवेने या, किनाऱ्याचा रस्ता अंधारात वळणावळणाचा. रात्रीच्या ट्रेनने कुणाला जायचं असेल आणि ते म्हणाले "राजापूर रोडला चढतो", तर त्यांना सांगा की राजापूर रोड स्टेशन राजापूर गावापासून बरंच लांब आहे, रात्रीची रिक्षा आधी ठरवून ठेवावी लागते, आणि रिटर्न भाडं धरून पैसे सांगतात ते बरोबरच आहे, घासाघीस करू नका.